सुतक फिटायच्या आत मांडव?

रद्दीतला किडा : मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर ‘लाइफ’ या अमेरिकन सचित्र साप्ताहिकाचा जुना अंक हाती लागला, २७ ऑगस्ट १९४५ चा. जपाननं नुकतीच शरणागती पत्करलेली. म्हटलं, मुखपृष्ठावर एखादा सेनापती असेल. तर पाण्याखाली बॅले करणारी पोहणारीण! आत विजयाच्या जल्लोषाची पानंच्या पानं. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये खलाशानं एका बाईचं घेतलेलं ते प्रसिद्ध चुंबन पानभर, आणि समोर वॉशिंग्टन, कॅन्सस सिटी, मायामीतली तसलीच आणखी तीन. हिरोशिमावर बाँब पडून जेमतेम तीन आठवडे झाले होते. लोकांना विसरायला लावायची इतकी घाई? मला तरी हे सुतकात मांडव घातल्यासारखं वाटलं.

खडूस वाचक : नाही पटलं. याच ‘लाइफ’नं ७ मेच्या अंकात नाझींच्या छळछावण्या दाखवल्या होत्या. छायाचित्रकार जॉर्ज रॉजरनं बेल्सनच्या छावणीत काढलेला फोटो बघा : रस्त्याकडेला प्रेतांची रांग आणि अर्ध्या चड्डीतला एक पोरगा तोंड फिरवून चाललाय. त्याआधी सप्टेंबर १९४३ मध्ये न्यू गिनीतल्या बुनाच्या वाळूत मरून पडलेले तीन अमेरिकन सैनिक छापले, तेही सेन्सॉरशी भांडून. पावणेचार वर्षं हे बघणाऱ्यांनी एक अंक हसत चाळला तर काय बिघडलं?

रद्दीतला किडा : अहो, ते सगळे शत्रूनं मारलेले! अमेरिकेनं मारलेल्यांचं काय? २० ऑगस्टच्या अंकात बाँबच्या धुराचे लोट, तेही लांबून. खुद्द बाँब पडला त्या दिवशी हिरोशिमातल्या एका छायाचित्रकारानं रस्त्यावर टिपलेली भाजलेली माणसं ‘लाइफ’मध्ये कधी आली? २९ सप्टेंबर १९५२ ला.

खडूस वाचक : कारण जपानवर अमेरिकन लष्कराचा ताबा होता आणि तिथल्या छपाईवर त्यांचा सेन्सॉर. ताबा उठला एप्रिल १९५२ मध्ये. संपादकाला कशाला सुळावर देताय?

शाईपेन : तुम्ही दोघंही जाहिराती न बघताच पानं उलटताय. फेब्रुवारी १९४२ पासून अमेरिकेत खासगी मोटारी बनणं बंद, कारखान्यांत रणगाडे नि विमानं. तरी मोटार कंपन्यांच्या जाहिराती चालूच! दुकानात माल नाही, पण गिऱ्हाइकानं नाव विसरता कामा नये. वर तो खर्च करातून वजा. दहा सेंटांचा अंक काय विक्रीवर चालतो होय?

कोपऱ्यातली : आणि त्या चुंबनाचं काय? ‘ती मीच’ म्हणणाऱ्या एका बाईंनी २००५ च्या मुलाखतीत सांगितलं की त्या अनोळखी माणसानं येऊन धरलं, यांना कुणी विचारलंच नव्हतं. चार चुंबनं शेजारी शेजारी छापली की तो रिवाज वाटायला लागतो. तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत त्याच जल्लोषाची दंगल होऊन दहाच्या वर माणसं मेली.

खडूस वाचक : हे मान्य, माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण मुखपृष्ठावरच्या पोरीला तरी बोल लावू नका. जिचा मुलगा पॅसिफिकमध्ये युद्धनौकेवर होता अशा आईनं तो अंक उघडला असेल. पाण्याखाली माणूस आहे, आणि बुडालेलं नाही!

रद्दीतला किडा : वाक्य झकास. मत तेच. पिना गंजून मधली पानं सुटलीत, पण कुणाला जाहिरातींचे फोटो हवे असतील तर रविवारी काढून इथे टाकतो.