शब्दचर्चा: ‘गोझे’ची चव खारी की खारट, आंबट की आंबूस?

प्रश्न: जर्मनीतील लायपझिग येथे एका लहान ब्रुअरीत मी ‘गोझे’ नावाच्या बिअरचे तीन प्रकार चाखले: साधी, रास्पबेरीची आणि जर्दाळूची. पुण्यातील धाकट्या भावाला चव कळवताना मी ‘आंबूस, खारट आणि आंबटगोड’ असे लिहिले, तेव्हा त्याने विचारले, “दादा, तुला बिघडलेली बिअर दिली की काय?” माझे शब्द कुठे चुकले?

उत्तर: आपल्या भावाचा समज स्वाभाविक आहे, कारण ‘खारट’ हा शब्द मराठीत बहुधा तक्रारीच्या सुरात येतो. आमटी खारट होते, भाजी खारट होते. मीठ जिथे मुळातच हवे असते तिथे आपण ‘खारा’ म्हणतो: खारे दाणे, खारी बुंदी. मीठ बेताचे पडलेल्या ताकाला तर आपण यांपैकी काहीच म्हणत नाही, ते चवदार लागते एवढेच म्हणतो. गोझेत मीठ आणि धने मुद्दाम घालतात, आणि मीठ इतके बेताचे असते की घोट गिळल्यानंतरच ते जिभेला जाणवते. तेव्हा ‘किंचित खारी’ असे म्हणावे.

‘आंबूस’ हा शब्द जिभेपेक्षा नाकाचा अधिक आहे. शिळ्या भाताला किंवा दमट राहिलेल्या कपड्यांना आंबूस वास येतो, आणि त्यात नासल्याची सूचना असते. इथे सरळ ‘आंबट’ म्हणावे. त्यातही ‘ताकासारखी आंबट’ म्हटल्यास अर्थ नेमका पोहोचतो, कारण गोझेला आंबटपणा देणारे लॅक्टिक आम्ल तेच आहे, जे दह्यात आणि इडलीच्या आंबलेल्या पिठात तयार होते. चिंचेचा किंवा लिंबाचा आंबटपणा वेगळ्या आम्लांचा असतो आणि तो अधिक झोंबतो. ‘आंबवलेली’ आणि ‘आंबट’ यांतही गल्लत होऊ नये. प्रत्येक बिअर आंबवलेली असते, कारण यीस्ट धान्यातील साखरेचे मद्य करते. आंबट मात्र बहुधा तीच होते, जिच्यात लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणूही काम करतात.

आणखी एक उत्तर: ‘आंबटगोड’विषयी थोडी भर घालतो. फळ आंबवतानाच घातले असेल, तर त्यातील साखर बहुतांशी यीस्टच संपवते आणि मागे फळाचा गंध, रंग आणि आंबटपणा उरतो, म्हणून नाकाला जर्दाळू गोड भासला तरी घोट कोरडाच, म्हणजे गोडवा नसलेलाच, लागतो. अशा बिअरला आंबटगोड म्हणणे मला पटत नाही. ‘जर्दाळूच्या वासाची, आंबट’ असे म्हणावे. लायपझिगमध्ये मात्र पेल्यात फळांचा गोड पाक मिसळूनही गोझे पितात, आणि त्या पेल्याला आंबटगोड हा शब्द चपखल बसतो.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. माझ्या दोन्ही फळांच्या गोझे कोरड्याच होत्या, त्यामुळे तो शब्द मी मागे घेतो. मराठीत ‘ती गोझे’ म्हणावे की ‘ते गोझे’?

उत्तर: ‘ती गोझे’. मराठीत बिअर स्त्रीलिंगी असल्याने तिच्या प्रकाराचे नावही तसेच चालते. योगायोग असा की जर्मनमध्ये ‘बिअर’ नपुंसकलिंगी असूनही ‘गोझे’ स्त्रीलिंगीच आहे. हे नाव गोस्लार गावातून वाहणाऱ्या गोझे नदीवरून आले असून त्याचा उच्चार दोन अक्षरी आहे. शेवटचा ‘ए’ गाळून ‘गोझ’ म्हणू नये.