मदत हवी आहे: पुण्यातल्या वाकडचा वन बीएचके भाड्यासाठी घ्यावा का?

फ्लॅट ८ वर्षं जुना, ५५ लाख. मुद्रांक शुल्क ७ टक्के, नोंदणी ३०,०००, म्हणजे ५९.१५ लाख. भाडं १८,०००, पण वर्षाला ११ महिनेच धरलंय. मेंटेनन्स ३०,००० (बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते, धरून) आणि मिळकतकर १०,००० वजा करता हातात १.५८ लाख, जेमतेम २.७ टक्के.

कर्ज ४० लाख, ८.५ टक्के, २० वर्षं: हप्ता सुमारे ३४,७००, म्हणजे दरमहा २१,५०० खिशातून. नव्या करप्रणालीत घरभाड्याचा तोटा पगारातून वजा होत नाही, त्यामुळे तीही आशा नाही. १५ लाख जास्त भरून कर्ज २५ लाखांवर आणलं तर हप्ता २१,७००. तरी तूट उरतेच.

सगळं किंमतवाढीवर येऊन थांबतं. एजंटचे आकडे नकोत. वाकड-हिंजवडीत असा जुना वन बीएचके गेल्या दोन वर्षांत विकलेल्यांना खरेदीखतातल्या किमतीवर वर्षाला प्रत्यक्ष किती टक्के वाढ मिळाली?