जजसाहेबांनी पारावर लावलेला समझोता कोर्टात चालते का?

वऱ्हाडी पोरगा: आमच्या गावी रिटायर जजसाहेब दर बाजाराच्या दिवशी पारावर बसून लोकायचे कागद फुकट पाहून देतात, बाबा आन् काकाचं धुऱ्याचं (वावराच्या बांधाचं) भांडण त्यायनंच मिटवलं, १ रुपया नाही घेतला, लय देवमाणूस. पण भाऊ म्हणते कोर्टात याले किंमत नाही?

धुरकरी: तोच समझोता लोकअदालतीत ठेवा न, केस नसन तरी दाखलपूर्व म्हणून घेतात. तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकुमासारखाच, अपील नाही.

कापूसवाला: तालुका विधी सेवा समितीत जा, कोर्टातच असते, अध्यक्ष जजच असतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं बाईमाणसाले उत्पन्न न पाहता फुकट वकील भेटते, माझ्या मायले भेटला. १५१०० या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर फोन लाव.

वऱ्हाडी पोरगा: उद्याच जातो, साहेबायलेही सांगतो.