सहावी-सातवीच्या मुलांना कोन कसा शिकवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझं शिक्षण कॉमर्सचं, शिकवण्याचा अनुभव शून्य. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी शनिवार-रविवार संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात सहावी-सातवीची सात मुलं अभ्यासाला येतात. अपूर्णांकांपर्यंत गाडी बरी चालली होती. भूमितीला हात घातला आणि माझीच दांडी गुल.

व्याख्या सगळ्यांना पाठ आहेत. 'लघुकोन म्हणजे?' म्हटलं की सातही जण एका सुरात म्हणतात. पण परवा फळ्यावर दोन कोन काढले, दोन्ही 40 अंशांचे. एकाच्या भुजा वीतभर, दुसऱ्याच्या बोटभर. 'मोठा कोणता?' सगळ्यांनी वीतभर भुजांचा दाखवला. मी मोजून दाखवलं, तर एक पोरगा म्हणतो, 'माप सारखं असंल ताई, पण मोठा त्योच हाय, दिसतोय की!'

कोनमापकाची तर वेगळीच रड. त्यावर आकड्यांच्या दोन ओळी, त्यामुळे 50 अंशांचा कोन निम्मी मुलं 130 वाचतात. समोर टोकदार लघुकोन दिसतोय, तोंडाने त्याची व्याख्या म्हणतायत आणि वहीत 130 लिहितायत! शिवाय चौरस तिरका काढला की तो चौरस राहत नाही, त्याची 'शंकरपाळी' होते.

कंपासपेटी सगळ्यांकडे आहे. मोबाइलवर ॲप दाखवा असं कृपया सुचवू नका, मंडपात रेंज येत नाही. कुठून सुरुवात करू?

पाटीपेन्सिल
ताई, कोनमापक पंधरा दिवस पेटीतच राहू द्या. मी बावीस वर्षं याच वर्गांना शिकवलं, आणि पहिली आठ वर्षं तुमच्यासारखीच फसले.

मुलांना कोन म्हणजे कागदावरचं टोक वाटतं. टोक म्हटलं की ते लहानमोठं असणारच. कोन म्हणजे वळण, हे आधी अंगात भिनायला हवं. दाराशी न्या. दार बंद असताना त्याच्या खालच्या कडेने फरशीवर खडूची रेघ मारा, मग थोडं उघडून दुसरी. आता विचारा, बिजागरीजवळ दार किती सरकलं आणि कडीजवळ किती? बिजागरीपाशी चार बोटं, कडीपाशी दोन हात. पण दार तर एकच, वळलंही एकदाच! भुजांच्या लांबीचं भूत इथे उतरतं.

मग रद्दी पेपर. फाटका, वेडावाकडा तुकडा घ्यायचा. एक घडी घातली की सरळ रेघ मिळते. त्या घडीची कड तिच्यावरच बसेल अशी दुसरी घडी घातली की काटकोन. तो प्रत्येकाच्या खिशात असू दे. कोनमापक हातात येईल तेव्हा आधी हा कागद कोनावर ठेवून 'काटकोनापेक्षा लहान की मोठा' ते वहीत लिहायचं, मगच मोजायचं. लहान लिहिलं असेल तर 130 वाचताना मूल स्वतःच अडखळतं.

आणि आकड्यांच्या दोन ओळी कशासाठी, हेही सांगा. कोन डावीकडूनही उघडतो, उजवीकडूनही. जी भुजा शून्यावर टेकली आहे, तिथल्या शून्यापासून मोजत जायचं.

ओळंबा
पाटीपेन्सिल यांना अनुमोदन. मी बांधकाम साइटवर असतो, भूमितीत पस्तीस मार्कांवाला. पण गवंडी लोक 'भिंत गुण्यात आहे का' कसं बघतात ते मुलांना जरूर दाखवा. कोपऱ्यापासून एका भिंतीवर 3 फुटांवर खूण, दुसरीवर 4 फुटांवर, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर टेपने घ्यायचं. बरोबर 5 फूट आलं तर कोपरा काटकोनात. जास्त भरलं तर कोपरा फाकलाय, कमी भरलं तर आवळलाय. मोठ्या खोलीला 6-8-10 घेतो, चूक लवकर कळते. सातवीत पायथागोरस येईल तेव्हा पोरं म्हणतील, हे तर आपण मंडपात केलंय.

घडीवाली
एक बारीक गोष्ट. प्लॅस्टिकच्या बऱ्याच कोनमापकांत खालची कड आणि शून्याची रेघ यांत थोडं अंतर असतं. मुलं कड भुजेवर ठेवतात आणि उत्तर काही अंशांनी चुकतं. माझ्या भाच्याचे असेच मार्क जात होते, आम्ही उगाच त्याला वेंधळा ठरवलं.

शंकरपाळीवर उपाय: पुठ्ठ्याचा चौरस कापा आणि तो हळूहळू फिरवत विचारा, 'आत्ता चौरस आहे? आता? कुठल्या क्षणी बदलला?' फार भांडतात, मजा येते. पुढे परिमिती-क्षेत्रफळात गोंधळ होईलच. तेव्हा 24 सेंमी घेराचं दोऱ्याचं कडं करून आयत बनवायला द्या. 11 बाय 1 चं क्षेत्रफळ 11 चौसेंमी, 8 बाय 4 चं 32, 6 बाय 6 चं 36. दोरा तोच.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी दार केलं, रविवारी रद्दी. 'मोठा त्योच हाय' वाला पोरगा दाराशी बराच वेळ गप्प उभा होता. मग म्हणाला, 'म्हंजे भुजा कितीबी वाढवली तरी दार तेवढंच उघडं.' मी फक्त मान हलवली.

ओळंबादादा, 3-4-5 भलतंच चाललं. मंडपाचे तीन कोपरे गुण्यात निघाले, चौथ्यात तिरकं अंतर 5 फूट 2 इंच भरलं. आता पोरं गावभर कोपरे मोजत सुटली आहेत आणि दोन घरमालक माझ्यावर नाराज आहेत.

130 चा घोळ सातांपैकी दोघांचा अजून होतो. पण नवीन अडचण वेगळीच. सहावीतली एक मुलगी विचारते, 'ताई, दार पार मागच्या भिंतीला टेकलं की 180. मग 200 चा कोन कुठं दाखवायचा?' पुढच्या शनिवारपर्यंत वेळ मागून घेतलाय. सुचवा काहीतरी.