शब्दचर्चा : सिंहपुच्छ वानर की माकड? आणि रानपिंगळा कोणता?

घोडबंदर रोड : आमच्या सोसायटीच्या निसर्गमंडळाचे फलक मराठीत करतोय, विषय डोंगररानातले दुर्मीळ जीव. ‘लायन-टेल्ड मकाक’ला सिंहपुच्छ वानर लिहिलं तर चालेल ना?

येऊर : नको दादा, माकड लिहा. पाला ओरबाडणारं, काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. मिळेल ते गालफडात कोंबून पळतं ते माकड. येऊरला दोन्ही आहेत, आणि हातातली पिशवी हिसकावणारं बहुतेक वेळा दुसरंच असतं. इंग्रजी ‘मंकी’त दोघं एकत्र बसतात, म्हणून भाषांतरात हा घोळ होतो.

ऐरोली : पण ताई, याचंही तोंड काळंच की! आमच्या रत्नागिरीकडे लाल तोंडाचं ते केलडं, काळ्या तोंडाचा तो वांदर. मग हा वांदरच झाला.

येऊर : नुसत्या तोंडावर जाऊ नका. याच्या गालांना पिशव्या असतात, फळं आणि किडे हा त्याचा मुख्य आहार. वानराला त्या पिशव्या नसतात. त्याचं पोट कप्प्यांचं, पानं पचवण्यासाठी. शेपूटही याची आखूड, टोकाला गोंडा. लोकांना चेहऱ्याभोवतीची करडी आयाळ पाहून सिंह आठवतो, पण नावातला सिंह त्या गोंड्यावरून आलाय.

हा महाराष्ट्रात नाही. केरळ, कर्नाटक, तमिळनाडूतल्या सह्याद्रीच्या सदाहरित रानात राहतो. केरळातल्या सायलेंट व्हॅलीच्या रानात होऊ घातलेल्या धरणाविरुद्धच्या चळवळीचा तो चेहरा झाला. १९८४ साली तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. त्या भागातला निलगिरी लंगूर मात्र अस्सल वानर, त्याला बेलाशक ‘निलगिरी वानर’ म्हणा.

कळवा : सेना वानरांची आणि कोलीत माकडाच्या हाती! भाषेनेही पक्षपात केलाच आहे.

घोडबंदर रोड : बरं, माकड पक्कं. आणि ‘फॉरेस्ट औलेट’ हे छोटं घुबड म्हणजे रानपिंगळाच ना?

येऊर : हो, पण ‘जंगल औलेट’लाही रानपिंगळा म्हणणारे आहेत, आणि आपल्याकडे सहज दिसतो तो हा दुसरा. त्याच्या डोक्यापासून बारीक आडवे पट्टे. फॉरेस्ट औलेटचा माथा जवळजवळ कोरा, शेपटीवर रुंद पट्टे, आणि तो दिवसाढवळ्या शिकार करतो. १८८४ नंतर ११३ वर्षं त्याचा खात्रीचा पत्ता नव्हता. १९९७ साली शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी तो पुन्हा सापडला. २०१४ मध्ये शहापूरकडच्या तानसा अभयारण्यातही दिसला. म्हणजे दोघेही आपल्याच ठाणे जिल्ह्यातले, एका नावावर भागणार नाही. दुर्मिळाला रानपिंगळा ठेवा, दुसऱ्याला जंगली पिंगळा.

ऐरोली : रान आणि जंगल यात फरक तो काय?

येऊर : काहीच नाही! इंग्रजीतही तीच बोंब. पण वर्तमानपत्रांनी दुर्मिळाला रानपिंगळा करून टाकलंय, आता ते बदलायला जाऊ नये.

घोडबंदर रोड : मग दोघांचे माथे स्पष्ट दिसतील असे फोटो शेजारी-शेजारी लावतो. कुणाकडे आहेत का?