१०८ वर डॉक्टर असतात, मग ईएमटीचे शिक्षण घेऊन नाशिकमध्ये काम मिळेल का?

सिन्नरफाटा:
नमस्कार. माझी धाकटी बहीण यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली असून तिला इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन (ईएमटी), म्हणजे रुग्णवाहिकेत तातडीचे उपचार देणारी तंत्रज्ञ, व्हायचे आहे. आमच्या वडिलांचे म्हणणे असे की, आपल्याकडे १०८ या रुग्णवाहिका सेवेच्या गाडीत डॉक्टर आणि चालक असे दोघेच असतात, तेव्हा तिसऱ्याला तेथे जागाच नाही. या क्षेत्रातील जाणकारांनी कृपया सांगावे की त्यांचे म्हणणे कितपत खरे आहे, हे काम प्रत्यक्षात कसे असते आणि प्रवेश घेण्यापूर्वी आम्ही कोणत्या गोष्टी पाहाव्यात.

रात्रपाळी:
आपल्या वडिलांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. आंध्र प्रदेशात २००५ साली १०८ सुरू झाली, ती गाडीतल्या ईएमटीच्या भरवशावर. महाराष्ट्रात २०१४ साली ही सेवा आली तेव्हा मात्र ९३७ गाड्यांपैकी प्रत्येकीवर डॉक्टर देण्याचे धोरण होते आणि चालकाला तेथे पायलट म्हणतात. म्हणून केवळ १०८ डोळ्यांसमोर ठेवून कोर्स निवडू नये. ईएमटीला काम मिळते ते मुख्यतः खासगी रुग्णालयांच्या रुग्णवाहिकांवर, त्यांच्या कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात), कारखान्यांत आणि मोठ्या कार्यक्रमांच्या वैद्यकीय पथकांत.

मी स्वतः एका खासगी रुग्णालयाच्या कार्डिॲक, म्हणजे हृदयरुग्णांसाठी सुसज्ज, गाडीवर आहे. बाहेरच्यांना वाटते की आम्ही सदैव कसारा घाटात अपघाताच्या जागी धावत असतो. प्रत्यक्षात आमच्या बहुतेक फेऱ्या शिफ्टिंगच्या असतात, म्हणजे कळवण, सुरगाणा किंवा इगतपुरीच्या रुग्णालयातून नाशिकला पुढील उपचारांसाठी पाठवलेला रुग्ण सुखरूप पोहोचवणे. त्यात आरडाओरडा नसतो. पण दोन तासांच्या रस्त्यावर रुग्णाचा रक्तदाब खाली येऊ लागला तर तो सर्वांत आधी आपल्यालाच दिसायला हवा.

ड्यूटीवर आल्यावर पहिले काम ऑक्सिजनच्या गेजकडे पाहण्याचे. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो, म्हणजे मिनिटाला १० लिटरने दिला तर तो अडीच तास पुरतो. तोच काटा पावावर असेल तर चाळीस मिनिटेसुद्धा मिळत नाहीत आणि सुरगाण्याहून नाशिक तेवढ्यात येत नाही. सिलिंडरची चावी आम्ही सुतळीने त्यालाच बांधून ठेवतो, कारण नेमकी गरजेच्या वेळी ती सीटखाली सापडते. त्यानंतर घशातील स्राव ओढून काढणारे सक्शन यंत्र सुरू करून पाहणे, हाताने दाबून श्वास देण्याच्या आंबू बॅगचा मास्क तपासणे, मॉनिटरची बॅटरी आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या पाहणे. हे कंटाळवाणे वाटणाऱ्या माणसाने या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अपघाताचा कॉल आलाच, तर पहिला नियम असा की आधी जागा सुरक्षित आहे की नाही ते पाहायचे. घाटात मागून येणारा ट्रक आपल्यासाठी थांबेलच असे नाही. मणक्याला इजा असल्याचा संशय असेल तर रुग्णाला हातपाय धरून उचलत नाहीत. एक जण त्याचे डोके दोन्ही हातांनी स्थिर धरतो आणि वळवण्याचा हुकूमही त्याचाच असतो. त्याने तीन म्हटल्यावर बाकीचे खांदा आणि कंबर एकाच वेळी कुशीवर वळवतात, पाठीखाली बोर्ड सरकवतात आणि पुन्हा त्याच्याच सांगण्यावरून सरळ करतात. गर्दीतले चार जण उत्साहाने पाय ओढू लागतात, त्यांना आवाज न चढवता थांबवणे हाही कामाचाच भाग आहे.

कॅज्युअल्टी_डॉक्टर:
वरील उत्तराशी मी सहमत आहे; फक्त एक भर घालतो. ईएमटी चांगला की वाईट, हे आम्हांला स्ट्रेचर आत आल्यावर अर्ध्या मिनिटात कळते. ‘पेशंट सिरियस आहे, लवकर बघा’ हा हँडओव्हर, म्हणजे रुग्ण सोपवताना द्यायची माहिती, नव्हे. निफाड आणि दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातून कीटकनाशकाच्या विषबाधेचे रुग्ण येतात. त्या वेळी विष किती वाजता घेतले, उलटी झाली का, डोळ्यांतील बाहुल्या बारीक झाल्या आहेत का, वाटेत काय दिले, हे सांगणारा आणि कीटकनाशकाची रिकामी बाटली बरोबर आणणारा माणूस आमचे पहिले काम हलके करतो. अशा रुग्णाचे भिजलेले कपडे हातमोजे घालून काढायचे असतात, कारण विष त्वचेतूनही शरीरात जाते. घरच्यांनी मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न केला असेल, तर तेही न रागावता विचारून घ्यावे. रागावले की लोक लपवतात.

प्रवेशाविषयी सांगायचे तर, २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांची जी यादी केली आहे, तीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्टचा समावेश आहे. त्यामुळे पदवी किंवा पदविका देणारी संस्था कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे, हे लेखी मागावे; आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे, तेथे जाऊन चौकशी करणे अवघड नाही. दुसरे म्हणजे, विद्यार्थ्यांना कॅज्युअल्टीत आणि प्रत्यक्ष गाडीवर किती तास उभे करतात ते विचारावे. केवळ पुतळ्यावर सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबण्याची क्रिया) करून कोणी ईएमटी होत नाही. काही महिन्यांत ‘शंभर टक्के नोकरी’ देण्याची हमी फलकावर लिहिणाऱ्यांपासून दूर राहावे.

अंबडकर:
मी औद्योगिक वसाहतीत सुरक्षा विभागात काम करतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमापासूनच पाचशेपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात रुग्णवाहिका कक्ष, म्हणजे प्राथमिक उपचारांची सुसज्ज खोली, ठेवण्याची अट आहे. तेव्हा सातपूर, अंबड आणि सिन्नरकडेही लक्ष ठेवावे. प्रेस यंत्रावर बोट तुटण्याची घटना घडली की लोक तुटलेला भाग थेट बर्फात टाकतात, आणि त्यामुळे पेशी खराब होतात. तो स्वच्छ ओलसर गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची, हे जाणणारा माणूस कारखान्यात यंत्रांजवळ असणे आम्हांला फार मोलाचे वाटते. २०२७ च्या सिंहस्थामुळे तात्पुरती कामे निघतील, पण केवळ त्या भरवशावर कोर्स निवडू नये, असे मला वाटते.

सिन्नरफाटा:
सर्वांचे मनापासून आभार. आईची एक शंका राहिली आहे. मुलीला हे वजन उचलण्याचे आणि रात्रपाळीचे काम झेपेल का?

रात्रपाळी:
आईंना सांगावे की वजन एकट्याने उचलायचेच नसते. चाकांचे स्ट्रेचर असते, पायलट असतो, आणि गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून उचलण्याचे तंत्र शिकवले जाते. ज्यांनी ते शिकून घेतले नाही, त्या धडधाकट मुलांचीही कंबर लवकर जाते. उलट प्रसूतीच्या केसमध्ये बाई सोबत असली की रुग्णाला मोठाच धीर येतो. पेठहून येताना गाडीतच बाळ जन्मले, तर त्याला कोरडे पुसून आईच्या छातीवर ठेवायचे, दोघांवर पांघरूण घालायचे आणि नाळ कापायची घाई करायची नाही. त्या वेळी बाळाची आई गाडीवरच्या ईएमटी ताईंचे जेवढे ऐकते तेवढे माझे ऐकत नाही. रात्रपाळीबद्दल मात्र नोकरी स्वीकारण्यापूर्वीच विचारून घ्यावे की विश्रांतीसाठी वेगळी खोली आहे का, आणि पाळी मध्यरात्री संपली तर घरी सोडण्याची सोय कोण करणार.