अशोकमामांची सर्वांत अवघड भूमिका: धनंजय माने की यदुनाथ जवळकर?

रंगपट_नाशिक (धागाकर्ता)

इंदिरानगरच्या आमच्या मंडळात यंदा गणेशोत्सवात अशोक सराफांच्या भूमिकांवर ४० मिनिटांचा कार्यक्रम घाटतोय. मधला मुख्य प्रवेश कोणता घ्यायचा यावरून दोन तट पडलेत: एक 'अशी ही बनवाबनवी'वाला (१९८८), दुसरा 'धूमधडाका'वाला (१९८५). प्रश्न कार्यक्रमापुरता नाही, मामांचं मोठेपण नेमकं कशात आहे याचा आहे, म्हणून इथे मांडतोय.

माझ्या मते 'बनवाबनवी'तला धनंजय माने. का, तर त्या चौकडीत प्रत्येकाकडे काहीतरी आयतं आहे. लक्ष्या आणि सचिनकडे बाईच्या सोंगाची साडी आहे, म्हणजे ते नुसते आले तरी हशा. मामांकडे काय? साधा शर्ट-पँट. वेशांतर नाही, वेगळी बोली नाही, लकब नाही. धाकट्या भावाला आणि दोन मित्रांना छप्पर मिळवून द्यायला जागच्या जागी थाप मारणारा एक मध्यमवर्गीय माणूस. थाप मारताना ती सुचतेय हे आपल्याला दिसलं पाहिजे आणि समोरच्याला दिसता कामा नये. ही तारेवरची कसरत ते सिनेमाभर करतात.

सत्तर रुपयांचा प्रसंग घ्या. घरमालक सरपोतदार (सुधीर जोशी) मधुमेहाच्या इस्राईलच्या औषधासाठी दिलेल्या पैशांची आठवण करून देतात. धनंजयचं उत्तर: औषध आणणारा गृहस्थ वारला, आणि पाठोपाठ सत्तर रुपयेही वारले. हे वाक्य स्नेहसंमेलनात दहातले नऊ जण बिघडवतात, कारण ते 'सत्तर' वर जोर देतात. जोर कशावरच द्यायचा नाही. माणूस गेल्याचं ज्या सुतकी सुरात सांगितलं, पट्टी न बदलता त्याच सुरात पैसे गेल्याचं सांगायचं. दुसऱ्या 'वारले'ला आवाज अर्धा स्वर जरी चढला, तरी प्रेक्षकाला कळतं की नटाला हे विनोदी वाटतंय, आणि मग तो विनोद राहत नाही.

पंचवटीकर

साफ असहमत. धनंजय माने ही उत्तम भूमिका आहे, पण तिचा निम्मा जीव वसंत सबनिसांच्या संवादांत आहे. ते संवाद आजही कोणीही नुसते वाचले तरी लोक हसतात. नटाची खरी परीक्षा कागदावर काहीच नसतं तिथे लागते.

'धूमधडाका'त अशोक गुपचूप नावाचा पोरगा मित्रासाठी श्रीमंत बाप बनून धनाजी वाकड्यांसमोर (शरद तळवलकर) जातो, तो यदुनाथ जवळकर. म्हणजे भूमिकेच्या आत भूमिका. हातात पाइप, बोलण्यात रुबाब, आणि मध्येच तो ठसका: व्याख्या, विख्खी, वुख्खू. हे कागदावर लिहून हसू येत नाही, ते घशातूनच यावं लागतं.

ते घडतं कसं, ते नीट बघा. आधी कश. मग धूर आत असतानाच वाक्याला सुरुवात. धूर अडकतो, पण माणूस वाक्य सोडत नाही, कारण श्रीमंत माणूस बोलताना थांबला तर त्याचा रुबाब गेला. म्हणून तो शब्द ठसक्यातून ढकलत राहतो. 'व्याख्या'ला तोंड मोकळं, 'विख्खी'ला ओठ ताणलेले, 'वुख्खू'ला ओठ गोल. हवा संपत जाते तसं तोंड मिटत जातं. नक्कल करणारे तिन्ही तुकडे एकाच जोराने आणि सारख्या अंतराने म्हणतात, जणू पाढा. पहिला मोठा, दुसरा आखूड, तिसरा जेमतेम निसटलेला, असा उतार हवा. आणि त्यानंतर काही झालंच नाही अशा चेहऱ्याने मूळ मुद्द्यावर परत. हा शेवटचा भाग गाळला की उरतो नुसता खोकला.

तालमीसाठी एक सूचना: हा ठसका घशाने काढू नका, पोट आत ओढून काढा. घशाने काढला तर चौथ्या-पाचव्या खेपेला आवाज बसतो आणि प्रयोगाच्या दिवशी नट कोमट पाण्याच्या बाटलीला चिकटून असतो. पाइप रिकामा ठेवा, मंडपात विस्तव नको.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

दोघांचंही बोलणं एकाच दशकात अडकलंय. 'चौकट राजा' (१९९१) मधला गणा कुठे गेला? दिलीप प्रभावळकरांचा नंदू आणि सुलभा देशपांड्यांची आई यांच्या शेजारी हा माणूस उभा आहे, स्वतः पुढे न येता. सगळ्यांचं लक्ष नंदूवर राहील एवढीच जागा तो घेतो. विनोदी नटाला पडद्यावर आल्याबरोबर हशा मिळायची सवय असते. ती सवय बाजूला ठेवणं हे ठसका काढण्यापेक्षा कितीतरी कठीण. आणि पुरुषोत्तम बेर्ड्यांचा 'भस्म' तर यादीत कुणी धरतच नाही. महाराष्ट्र भूषण आणि पद्मश्री मिळालेल्या नटाचा कार्यक्रम करताना फक्त हशा मोजणार का?

रंगपट_नाशिक

गणाबद्दल दुमत नाही. पण नट रडवतो तेव्हाच तो मोठा, या हिशोबाला माझा विरोध आहे. त्या मापाने शरद तळवलकर आणि राजा गोसावी यांनाही आपण उगाच खालच्या पाटावर बसवतो. गणा भूमिका म्हणून सुंदर आहे, पण तशी भूमिका करणारे आणखी चार चांगले नट मराठीत होते. धनंजय माने दुसऱ्या कुणी केला असता तर सिनेमा कोसळला असता.

@पंचवटीकर, संवाद सबनिसांचे, मान्य. पण ऐकण्याचं काय? लक्ष्या-सचिन सोंगात घोळ घालतात तेव्हा कॅमेरा धनंजयवर गेला की तिथे पुढच्या थापेची जुळवाजुळव चाललेली दिसते. हे कुठल्याही संहितेत लिहिलेलं नसतं. तुमच्याच 'धूमधडाका'तला दाखला देतो: लक्ष्या वाकड्यांना आपल्या सिनेमाची भुताटकीची गोष्ट ऐकवतो, तो प्रवेश तोलतं कोण? ऐकणारे तळवलकर. त्यांच्या घाबरण्याशिवाय लक्ष्याचे आवाज हवेत विरले असते. मामा बनवाबनवीभर हेच काम करतात, आणि वर स्वतःचे संवादही म्हणतात.

मखमलाबाद_रोड

बोलीचा मुद्दा कुणीच काढला नाही याचं नवल वाटतं. 'गुपचुप गुपचुप' (१९८३) मधला प्रोफेसर धोंड ऐका. तो गोव्याकडचा हेल शब्दांत नाही, वाक्याच्या शेपटीत आहे. शेवटचं अक्षर लांबवून वर उचलायचं आणि लगेच सोडायचं. त्याआधीचा 'एक डाव भुताचा' (१९८२), त्यात खंडोजी फर्जंदाची रांगडी, जुन्या वळणाची भाषा. दोन्ही बोली एका वर्षाच्या अंतराने, आणि एकीचा वास दुसरीला नाही. 'पांडू हवालदार' (१९७५) मधला सखाराम आणि 'राम राम गंगाराम' (१९७७) मधला म्हमदू खाटीक धरलेत तर दहा वर्षांत चार निराळे आवाज होतात. बनवाबनवीत मामा साधं पुणेरी-मुंबईकर मराठी बोलतात, तिथे हे कसब दिसतच नाही.

फक्त एक सावधगिरी. आपल्याकडची पोरं धोंड करताना प्रत्येक वाक्याला हेल लावतात. तिसऱ्या वाक्यानंतर कान विटतात. चारातल्या एका वाक्याला लावा, तेही धोंड चिडलेला किंवा गोंधळलेला असताना.

पडद्यामागे

ध्वनी आणि प्रकाश बघणाऱ्याच्या बाजूने थोडं. तुम्ही सिनेमातली भूमिका आणि मंडपात चालणारी भूमिका यांची गल्लत करताय. रंगपट म्हणतात ते ऐकणं, ती डोळ्यांतली जुळवाजुळव, कॅमेऱ्याने जवळ जाऊन दाखवलेली आहे. साईखेडकर नाट्यगृहासारख्या लहान जागेत ती पाच-सहा रांगांपर्यंत पोचेल. कालिदास कलामंदिराच्या बाल्कनीत नाही. आणि मंडपात, जिथे ट्यूबलाइट चालू, मागे आरतीची तयारी, लेकरं पळतायत, तिथे तर अजिबात नाही. तिथे आवाजाची भूमिका टिकते. म्हणून मंडपासाठी यदुनाथ.

पण यदुनाथ घेतलात तर माइकचं आधी बघा. कॉलर माइक लावून ठसका काढला की स्पीकरमधून धडाधड फटके येतात, शब्द एकही कळत नाही. त्या नटाला हातातला माइक द्या, तोंडासमोर नको, हनुवटीच्या कडेला तिरपा, साधारण वीतभर लांब. पाइप दुसऱ्या हातात. दोन्ही हात गुंतले म्हणजे उगाच हातवारे होत नाहीत, हा वरचा फायदा. वरून टांगलेले माइक मंडपात लावू नका, स्पीकर जवळ असल्याने शिट्टी वाजणारच.

पंचवटीकर

हेच म्हणतोय! कॅमेरा काढून घेतला तरी जी भूमिका उभी राहते, ती नटाची. मामा रंगभूमीवरून आलेत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय यदुनाथमध्ये दिसते.

रंगपट_नाशिक

आणि मी उलट म्हणतो. रंगभूमीवरून आलेला नट कॅमेऱ्यासमोर आवाज आणि हालचाल कमी करायला शिकतो, तेव्हा तो सिनेमाचा नट होतो. 'पांडू हवालदार'पासून बनवाबनवीपर्यंतच्या १३ वर्षांत मामांनी काय काय सोडून दिलं ते बघा. यदुनाथ हा त्या वाटेवरचा टप्पा, धनंजय हा मुक्काम. मंडपात पोचत नाही हा मंडपाचा दोष, भूमिकेचा नाही.

तरीही बनवाबनवीचा प्रवेश मंडपात बसवता येतो. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवू नका, दोघंही आडवे दिसतात आणि धनंजयचा चेहरा जातो. धनंजय प्रेक्षकांकडे तोंड करून पुढे, सरपोतदार त्याच्या मागे एक पाऊल डावीकडे. मग थाप जुळताना फक्त प्रेक्षकांना दिसते, घरमालकाला नाही. दिव्यांपैकी पुढचे दोन चालू, बाकी बंद.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

ही मांडणी पटली. पण मग हशाचंही ठरवा. लोकांना सगळे संवाद पाठ आहेत, नटाच्या आधी तेच म्हणतील. 'वारले' म्हणायच्या आधी मंडप ओरडणार.

मखमलाबाद_रोड

म्हणून तर कमी ऐकलेलं घ्या. 'निशाणी डावा अंगठा' (२००९) मधला हेडमास्तर. साक्षरता मोहिमेचे खोटे आकडे भरताना त्या माणसाची होणारी ओढाताण आजही कुठल्याही झेडपी शाळेत ओळखीची वाटेल. संवाद पाठ नसल्यामुळे लोक ऐकतील तरी.

पडद्यामागे

प्रेक्षकांनी संवाद आधी म्हटला तर नटाने थांबायचं, त्यांच्यावर चढून बोलायचं नाही. ओरडा ओसरायला लागला, पण पूर्ण शांतता व्हायच्या आत, वाक्य हळू आवाजात टाकायचं. शांतता झाल्यावर टाकलं तर ते शिळं, ओरड्यात टाकलं तर वाया. सरपोतदार करणाऱ्याने तेवढा वेळ धनंजयकडे संशयाने बघत राहायचं, प्रेक्षकांकडे नजर गेली की प्रवेश सुटला. आणि म्हणून माझं मंडळाला सांगणं: धनंजय कोण करणार यावर भांडू नका, तो मिळेल. सुधीर जोशींचा तो गंभीर, हिशोबी घरमालक न हसता धरून ठेवणारा माणूस आधी शोधा. तो नसेल तर मुकाट्याने यदुनाथ घ्या.

रंगपट_नाशिक

सरपोतदारासाठी पन्नाशीपुढचा, आवाजात खर्ज असलेला कोणी असेल तर कळवा. रविवारी संध्याकाळी सातला वाचन आहे. गणाचाही एक छोटा प्रवेश शेवटी ठेवतोय, सातपूरकरांनी संहिता काढून द्यावी, आठ मिनिटांच्या वर नको.